कारवान घरी आणताय? या चुका टाळा

जत, आटपाडीकडं कुणालाही विचारा, कारवान कुत्रं लांबून ओळखतील. निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. कर्नाटकात हेच मुधोळ. २००५ साली त्याचं टपाल तिकीटही निघालं. पण पाय मोडला किंवा वय झालं, की तेच कुत्रं उसाच्या फडाकडेला बेवारस सापडतं. जनावर असं उपाशी मरायला सोडणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे सांगायला गेलं की लोक हसतात.

सोडणाऱ्यांवर बोलून दमलो. आता अशी कुत्री माझ्याकडून घरी नेणाऱ्यांवर बोलतो.

सगळ्यात मोठी चूक पट्ट्याची. कारवानचं डोकं अरुंद, मान जाड. साधा बकलचा पट्टा कितीही आवळा, कुत्रं मागं सरकलं की डोकं सुळकन बाहेर. म्हणून मी मिरजेत चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडून रुंद पट्टे करून घेतो. ओढ बसली की ते आवळतात, पण गळफास बसत नाही. घालायचे कानांच्या लगेच मागं. शिवाय छातीचा पट्टा वेगळा, आणि दोरी दोन्हींना. पहिले दोन महिने यात सूट नाही.

तासगावकडच्या एका बागायतदारांना मी एक कुत्री दिली होती. चार वेळा बजावलं, “दादा, माझाच पट्टा ठेवा.” दादांनी हौसेनं घुंगराचा नवा पट्टा आणला. तिसऱ्या दिवशी द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला, कुत्री मागं सरकली, आणि दादांच्या हातात नुसता पट्टा राहिला. मग दुसरी चूक : चार पोरं, दोन मोटरसायकली आणि “धरा, धरा!” पळण्यासाठीच घडलेल्या जनावरामागं ओरडत धावलं, तर ते पुढच्या गावात जाणार नाही तर काय करणार?

मी संध्याकाळी पोचलो आणि आधी सगळ्यांना घरी घालवलं. माझ्याकडं असताना ती महिनाभर ज्या गोधडीवर झोपली होती, ती न धुता नेली होती. शेवटची जिथं दिसली त्या बांधावर अंथरली, शेजारी उकडलेली कोंबडी ठेवली. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या सकाळी ताटली चाटून पुसून साफ, पण ते कुणीही केलं असेल. तिसऱ्या रात्री मी पाठ करून बसलो होतो. तीनच्या सुमारास मागं गोधडी सरकल्याचा आवाज आला. वळलो नाही, हाक मारली नाही. उजाडेपर्यंत तसाच बसलो, मग हळूच दोरी घातली. माझे पाय पार आखडले होते.

दुसरं दुखणं, “बरगड्या दिसतात हो!” धडधाकट कारवानच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतात. खायला घालून घालून त्याचं पिंप करू नका. खरोखर उपाशी सापडलेलं असेल तर एकदम भांडंभर दूध-भाकरी तर अजिबात नको. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा.

बाकीचं थोडक्यात. अंगावर चरबी कमी, म्हणून काही भुलीची औषधं या जातीला जड जातात. नसबंदीआधी डॉक्टरांना जात आठवणीनं सांगा. नसबंदी झाल्याशिवाय मी कुत्री देत नाही, मग कुणी रुसलं तरी चालेल. कोंबड्या-शेळ्यांत पहिल्या दिवशी मोकळं सोडून “बघू काय करतंय” हा प्रयोग करू नका. काय करतंय ते मी आत्ताच सांगतो. थंडीत नुसत्या फरशीवर झोपवलं की कोपरं सोलतात, पोतं तरी टाका.

फोनवर पहिला प्रश्न “ससा धरती का?” असा आला, की मी फोन ठेवतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे.

तासगावची कुत्री मात्र दादांकडंच राहिली. घुंगराचा पट्टा आता त्यांच्या रेडकाच्या गळ्यात आहे.