फ्रीलान्स लेखकांनो, काम स्वीकारताना या चुका टाळा

लेखकाची फसवणूक दोन तऱ्हांनी होते. एकीत समोरचा भामटा असतो. दुसरीत क्लायंट खरा असतो, काम खरं असतं, पण करारातलं एखादं वाक्य तुमच्या विरोधात असतं. माझ्या मते दुसरीत जास्त नुकसान होतं, कारण ते लक्षात येईपर्यंत लेख आपला राहिलेला नसतो.

काम मिळावं म्हणून पैसे भरणं

नोंदणी, प्रशिक्षण, 'परत मिळणारी' अनामत, नाव काहीही असो, लेखनाच्या कामात पैसे लेखकाकडे यायला हवेत. याचाच उलटा प्रकारही चालतो. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक येतो आणि मागोमाग निरोप येतो, 'चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा.' काही ठिकाणी चेक वटण्याआधीच बँक रक्कम खात्यात दाखवते, त्यामुळे माणूस निर्धास्तपणे पैसे पाठवतो. पुढे चेक खोटा निघतो, बँक रक्कम काढून घेते आणि तुम्ही पाठवलेले पैसे खिशातून जातात.

मेल कुठून आला ते न बघणं

नामांकित प्रकाशनाचं नाव, नीटनेटका लोगो, आणि पत्त्यात एकच अक्षर इकडचं तिकडे. त्या मेलला उत्तर देऊ नका. संस्थेची वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथल्या पत्त्यावर विचारा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधी नोंदवलं गेलं हे हूइज (whois) या ऑनलाइन शोधात फुकट दिसतं. 'वीस वर्षं जुन्या' संस्थेचं डोमेन गेल्या महिन्यातलं असेल तर तिथेच थांबा. सगळं बोलणं फक्त टेलिग्रामवर, तुमचं लेखन न वाचताच होकार आणि कामाआधी ओळखपत्राची मागणी, यांतलं एक जरी दिसलं तरी सावध व्हा.

फुकट 'नमुना' लिहून देणं

दहा उमेदवारांना दहा वेगळे विषय दिले की क्लायंटला दहा लेख फुकट मिळतात. आधी छापलेलं लेखन दाखवा. नवीनच हवं असेल तर छोट्या चाचणीचेही पैसे मागा.

करार न वाचता सही करणं

कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात सामील असलेल्या देशांत, म्हणजे जगातल्या बहुतेक देशांत, लेख लिहिताक्षणीच कॉपीराइट लेखकाचा होतो, नोंदणी लागत नाही. नोकरीत लिहिलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी. म्हणून तुम्ही हक्क कायमचे देऊन टाकताय की छापण्याची परवानगी देताय, हे आधी बघा.

हे किती महत्त्वाचं आहे ते अमेरिकेतल्या टासिनी खटल्यात दिसलं. सहा फ्रीलान्स लेखकांचे छापील लेख प्रकाशकांनी वेगळी परवानगी न घेता इलेक्ट्रॉनिक डेटाबेसमध्ये टाकू दिले होते. जून 2001 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी लेखकांच्या बाजूने निकाल दिला. पण प्रकाशकही शहाणे झाले. 'आज ज्ञात असलेल्या आणि पुढे निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत' असे शब्द करारांत सर्रास दिसतात. लेख एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरता येईल का, हेही याच शब्दांच्या आडून ठरू शकतं, म्हणून ते वेगळं लिहून मागा.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती नुकसानभरपाईच्या कलमाची. 'लेखामुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही दाव्याचा खर्च लेखक सोसेल' यावर सही म्हणजे संपादकाने घातलेल्या चुकीच्या मथळ्याचीही जबाबदारी तुमची. 'लेखकाने केलेल्या आणि सिद्ध झालेल्या उल्लंघनापुरती' अशी मर्यादा घालून घ्या.

'प्रकाशनानंतर मानधन' यात लेख कधीच छापला नाही तर पैसेही नाहीत. 'मजकूर स्वीकारल्यापासून 30 दिवसांत' असं लिहून घ्या, आणि लेख रद्द झाला तर किती मिळतील तेही. दुरुस्त्या दोनच फेऱ्या. दुसऱ्या कुणासाठी लिहायची बंदी असेल तर विषय आणि मुदत नेमकी हवी.

चूक होऊन गेली असेल तर

बँकेचे तपशील दिले असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवा. 'काम अपुरं आहे, दंड भरा, नाहीतर खटला' अशी धमकी आली तर घाबरून पैसे पाठवू नका, सगळे संदेश जपून ठेवा आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा. खऱ्या नोटिशीवर सहसा वकिलाचं नाव आणि पत्ता असतो, तो पडताळता येतो.

सही झालेल्या करारातही बदल मागता येतो. संपादकाला साधा मेल लिहा: 'कलम चारमध्ये सर्व हक्कांऐवजी प्रथम प्रकाशनाचा हक्क असं करता येईल का?' पुष्कळदा संपादकाकडे दुसरा मसुदा तयारच असतो, फक्त तो मागणाऱ्यालाच मिळतो.