खाली गेलेलं टूल वरून उघडताना

बडोद्यात मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये टूल तपासायचं आणि अंकलेश्वर, गंधारकडच्या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर पाठवायचं, हे माझं काम. रिगवर पहिल्यांदा जाणाऱ्या पोरापोरींना सर्क्युलेटिंग सब उघडायला मी असं शिकवतो. हे पाइपांच्या रांगेत बसवलेलं टूल; उघडलं की मड, म्हणजे ड्रिलिंगचा चिखलद्रव, खालच्या बिटपर्यंत (खोदणाऱ्या टोकापर्यंत) न जाता बाजूने बाहेर पडतो.

जुनी पद्धत बॉलची. पाइपात बॉल सोडायचा, तो सीटवर बसला की प्रेशर चढवायचं, मग आतली स्लीव्ह (नळी) सरकून पोर्ट, म्हणजे बाजूची भोकं, उघडतात. मिटवायला पुन्हा बॉल. वापरलेले बॉल साठवणारा कॅचर भरला की पुढे काही करता येत नाही, पाइपांची सगळी स्ट्रिंग वर काढावी लागते. आरएफआयडीचं (रेडिओने टॅग ओळखणारं) टूल फास्टॅगसारखं चालतं. मडबरोबर टॅग खाली जातो, टूलमधला अँटेना त्याचा कोड वाचतो आणि बॅटरीच्या जोरावर पोर्ट उघडतात किंवा मिटतात. बॅटरी टिकेल तोवर हे कितीही वेळा करता येतं. मला ही फार मोठी सोय वाटते.

टॅग सोडण्याआधी पाइपाच्या तोंडाशी बसवलेली स्क्रीन काढलीत का, हे स्वतः जाऊन बघा. दुसऱ्याच्या ‘हो’वर राहू नका. स्क्रीन राहिली तर टॅग तिथेच अडकतो आणि तुम्ही खाली काय झालं याचा विचार करत बसता. त्याच वेळी ठरलेल्या फ्लोला प्रेशर किती आहे ते वहीत उतरवा. पुढचा सगळा निवाडा याच आकड्यावर.

आता टॅग पोहोचणार कधी? समजा टूलच्या वर २३०० मीटर ५ इंची ड्रिल पाइप आहे. आतला व्यास ४.२७६ इंच, म्हणजे मीटरला सुमारे ९.२७ लिटर, एकूण २१,३२० लिटर. त्याखाली ३ इंच बोअरचा २०० मीटर हेवीवेट (जाड भिंतीचा जड पाइप), त्याचे ९१० लिटर. बेरीज २२,२३०. ट्रिप्लेक्स (तीन पिस्टनच्या) पंपाला साडेसहा इंची लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, आणि १२ इंची स्ट्रोक असेल, तर एका स्ट्रोकला साधारण १९ लिटर पडतात. झाले ११७० स्ट्रोक. घड्याळ लावून बसू नका, स्ट्रोकच मोजा. मध्ये पंप थांबला तरी हिशेब चुकत नाही. टॅग वाचला जावा म्हणून मॅन्युअलमध्ये जो फ्लो दिलाय, त्यावर वेळेआधीच या.

पोर्ट उघडले की त्याच फ्लोला प्रेशर स्पष्ट खाली येतं, कारण मड बिटच्या नोझलऐवजी बाजूने निघतो. एमडब्ल्यूडीचा (ड्रिलिंग चालू असताना खालून मोजमापं पाठवणाऱ्या यंत्राचा) सिग्नलही मंदावतो किंवा जातो. दोन्ही खुणा जुळल्या तरच ‘उघडलं’ म्हणा.

काहीच हललं नाही, तर घाईने प्रेशर चढवू नका. टूलला हलायला लागणारा वेळ द्या, शंभरेक स्ट्रोक जास्त मारा, मग दुसरा टॅग सोडा. तोवर टॅगची वेळ, स्ट्रोक आणि प्रेशर पुढच्या शिफ्टच्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवा.