रात्रीच्या अपघातात पंच म्हणून बोलावलं तर

पेडण्यात हायवेला लागून माझं भुसारी दुकान आहे. रात्री चालत जाणाऱ्या कुणाला गाडीने ठोकरलं की पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, म्हणून पोलिसांची हाक मलाच येते. ''भाऊ, जरा या, सही हवी.'' सही द्यावी, पण बघितल्यावर. मेलेला माणूस बोलत नाही. उरतो चालक, आणि त्याचं वाक्य ठरलेलं: ''अचानक आडवा आला हो!'' ते खरंही असेल, पण पडताळायचं तर खुणा लागतात, आणि त्या सकाळपर्यंत डंपरच्या चाकांखाली नाहीतर पावसात जातात.

माणसात धुगधुगी असेल तर आधी 108, बाकी सगळं नंतर.

मोजमाप विजेचा खांब, मोरी, किलोमीटरचा दगड अशा न हलणाऱ्या दोन ठिकाणांपासून घ्यायला सांगा. ''दुकानासमोर'' असं लिहू देऊ नका. रुंदीकरणात निम्मी दुकानं मागे सरकली, कुठलं दुकान म्हणून कोर्टात वकील विचारणारच. रक्ताचा डाग, चप्पल, पिशवी, प्रेत, प्रत्येकाचं रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर वेगळं लिहायचं. चप्पल साइडपट्टीवर आणि प्रेत पुढे रस्त्यात, तर ''आडवा आला'' हे सहज पटत नाही. ब्रेकचे वळ धडकेच्या आधी सुरू होतात की नंतर, तेही बघा. एबीएसच्या (ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीचे वळ पुसट असतात. बॅटरी जमिनीलगत तिरपी धरली की दिसतात.

गाडी पळून गेली असेल तर हेडलाइटचे, बंपरचे तुकडे वाकून शोधा. प्लास्टिकच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला कधीकधी पार्ट नंबर असतो, त्यावरून मॉडेल कळतं. 1 जुलै 2024 पासून अशा वस्तूंच्या जप्तीचं व्हिडिओ चित्रण कायद्यानेच सक्तीचं आहे. पोलिसांचा मोबाइल बाहेर निघाला नसेल तर आठवण करून द्या.

उजेड मात्र बहुतेक पंचनाम्यांत एका ओळीत उरकतात. कुठला दिवा चालू, कुठला बंद, खांबागणिक लिहून घ्या. काळोखात माणूस दिसला नाही, ही सबब अर्धीच. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डिपरच्या, म्हणजे खाली केलेल्या हेडलाइटच्या, उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येत नसेल, तर प्रश्न वेगाचा आहे.

मयताचे कपडे घरच्यांनी धुऊ नयेत, त्यांवर गाडीचा रंग असू शकतो. पायावरची जखम टाचेपासून किती उंचीवर आहे, ते शवचिकित्सेत मोजलं जातं. बंपरची उंची त्याच्याशी ताडून बघतात. आसपासच्या बार, पेट्रोल पंपांचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून घरच्यांनी पोलिसांना लगेच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

गाडी सापडलीच नाही तरी पळून गेलेल्या गाडीच्या अपघातांसाठीच्या 2022 च्या सरकारी भरपाई योजनेखाली वारसांना 2 लाख रुपये मिळतात. त्या अर्जालाही हीच कागदपत्रं लागतात, म्हणून एफआयआरची प्रत त्यांनी मागून घ्यावी. तक्रारदाराला ती फुकट मिळते.