एक्मोवर घेतलेला हृदय थांबलेला रुग्ण आणि हेपरिन: या चुका टाळा

छाती दाबता दाबताच रुग्णाला एक्मोवर (हृदय-फुप्फुसाचं काम शरीराबाहेरून करणारं यंत्र) घेतलं, की पुढचा हात हेपरिनकडे (रक्त गोठू न देणारं औषध) जातो. तिथे क्षणभर थांबून विचारा: याच्या अंगात आधीच काय काय गेलंय?

कोल्हापुरात हा प्रश्न फार मोलाचा आहे. चंदगड, आजरा, गगनबावड्याकडून हार्ट अटॅकचा रुग्ण निघतो तेव्हा तिथल्या दवाखान्यात त्याला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही प्लेटलेट चिकटू न देणारी औषधं मिळालेली असतात. अनेकदा टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषधही दिलेलं असतं, आणि कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) इतकी लांब असताना ते द्यायलाच हवं. मग इथे कॅथलॅबमध्ये हेपरिन. त्यावर एक्मोची कॅन्युला (रक्तवाहिनीत जाणारी नळी) घालताना किलोमागे ५० ते १०० युनिट हेपरिनचा नेहमीचा बोलस (एकदम दिलेला डोस). प्रत्येकाने आपापला डोस बरोबरच दिलेला असतो, बेरीज मात्र कुणीच करत नाही. रेफरल चिठ्ठी नातेवाइकांच्या पिशवीत असते, ती मागून घ्या. नसेल तर त्या दवाखान्यात फोन लावून औषध आणि वेळ लिहून घ्या. कॅथलॅबमधून आलेल्या रुग्णाचा एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) आधी बघा. तो पुरेसा वाढलेला असेल तर बोलस लागत नाही.

घाईतली आणखी एक चूक व्हायलची. ५ मिलीच्या व्हायलमध्ये ५,००० युनिटही असतात आणि २५,०००ही. दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवू नका, आणि भरताना लेबल मोठ्याने वाचा.

न बघता हेपरिनचं इन्फ्युजन (सतत चालू ठेवलेला डोस) सुरू करणं

अर्धा-पाऊण तास छाती दाबली असेल तर फासळ्या मोडल्यात असंच धरून चाला. त्यातून फुप्फुसाभोवती रक्त साचतं, कधी यकृत फाटतं. शिवाय मेंदूतल्या रक्तस्रावामुळेही हृदय थांबू शकतं. म्हणून आधी छाती-पोटाची सोनोग्राफी, आणि रुग्ण हलवता येताच डोक्यापासून ओटीपोटापर्यंत सीटी. हिमोग्लोबिन उतरतंय, पंपाकडे येणारी नळी थरथरतेय, आणि आपण नुसतं सलाईन चढवतोय, असं होऊ देऊ नका. रक्त कुठे जातंय ते शोधा.

रक्तस्राव सापडला तर हेपरिन बंद करायला कचरू नका. प्रवाह मिनिटाला ३-४ लिटर असेल आणि नळ्यांना आतून लेप असेल तर काही तास, कधी त्याहूनही जास्त, सर्किट (एक्मोचा पंप आणि नळ्या) हेपरिनशिवाय चालतं. हेपरिनचा उतारा असलेलं प्रोटामिन मात्र सहज हाताशी आहे म्हणून देऊ नका. त्याने ऑक्सिजनेटरमध्ये (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) गुठळी होऊ शकते.

सर्किट स्वच्छ दिसतंय म्हणून निश्चिंत राहणं

माझ्या मते सगळ्यांत घातक चूक ही. टॉर्च मारून ऑक्सिजनेटर तपासला जातो, हृदयाकडे मात्र लक्ष जात नाही. एक्मोचं रक्त महाधमनीत उलट दिशेने ढकललं जातं, त्याचा भार डाव्या कप्प्यावर येतो. हृदय आकुंचनच पावत नसेल तर महाधमनीची झडप उघडत नाही, आणि एपीटीटी (हेपरिनचा परिणाम दाखवणारी रक्ततपासणी) अगदी हवा तेवढा असतानाही आतलं रक्त साचून गोठतं. आर्टेरियल लाइनची (धमनीतला दाब दाखवणारी नळी) लाट सपाट झाली की लगेच इको करा. झडप उघडत नसेल तर प्रवाह झेपेल तितका कमी करणं, इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारं औषध), किंवा डावा कप्पा रिकामा करण्याचा उपाय, यांवर हृदयरोगतज्ज्ञांशी तेव्हाच बोला. हेपरिनऐवजी बायव्हॅलिरुडिन चालू असेल तर जास्तच जागरूक राहा. साचलेल्या रक्तात एन्झाइम ते औषध तोडतात आणि नेमका तिथेच त्याचा परिणाम संपतो.

एकाच आकड्यावर डोस ठरवणं

शरीर थंड असलं, प्लेटलेट कमी असल्या किंवा रक्त पातळ झालेलं असलं, तर एसीटी हेपरिनशिवायही वाढतो. एपीटीटी मूळच्या दीड ते अडीच पट ठेवण्याची पद्धत आहे. रक्तस्रावाची भीती असेल तर त्यातलं खालचं टोक धरा. हेपरिन-फ्लश असलेल्या लाइनमधून सॅम्पल घेतलं तर एपीटीटी खोटा वाढतो. याउलट रक्तपेशी फुटून प्लाझ्मा लालसर झाला असेल तर अँटी-टेनए (हेपरिनचा परिणाम मोजणारी दुसरी तपासणी) खोटा कमी येतो, आणि त्यावर विसंबून हेपरिन वाढवलं जातं. म्हणून दोन तपासण्या शेजारी ठेवून वाचा, फायब्रिनोजेनची (गुठळी बांधणारं प्रथिन) तपासणीही पाठवा.

पायाकडे रक्त नेणारी बारीक कॅन्युला दर तासाला बघा. ती लवकर गोठते आणि पाय जातो.

प्लेटलेट पहिल्या दोन दिवसांत उतरतातच. पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान त्या पुन्हा कोसळल्या तर हेपरिनमुळे होणाऱ्या प्लेटलेटच्या आजाराचा संशय घ्या. त्या वेळी इन्फ्युजन थांबवून भागत नाही, लाइनच्या फ्लशमधलं हेपरिनही काढून टाका.