अमिनो आम्लांचे विघटन अभ्यासावे कसे: आधी नायट्रोजनचा माग

जीवरसायनशास्त्राचे बहुतेक विद्यार्थी अमिनो आम्लांच्या विघटनापाशी येऊन अडतात, कारण वीस अमिनो आम्लांचे वीस मार्ग ते सुटे सुटे पाठ करू पाहतात. माझा आग्रह असा की, आधी एकही मार्ग पाठ करू नये. एक कोरा कागद, एक लाल आणि एक निळे पेन घ्यावे. नायट्रोजनचा प्रवास लाल शाईने आणि कार्बनच्या सांगाड्याचा निळ्या शाईने काढावा. लाल रेघ पुरी होईपर्यंत निळ्या पेनला हात लावू नये. जादा साखर शरीर ग्लायकोजेन व चरबीच्या रूपात साठवते, पण जादा अमिनो आम्ले साठवण्याची सोय त्याच्याकडे नाही. त्यांचा उपयोग इंधन म्हणून करायचा, तर नायट्रोजन वेगळा काढावा लागतो, आणि तो अमोनियाच्या रूपात रक्तात साचला तर मेंदूला घातक ठरतो.

सुरुवात ॲलानिनपासून करावी. त्यात तीन कार्बन असतात आणि मधल्या कार्बनवर अमिनो गट (नायट्रोजन असलेला भाग) असतो. शेजारी अल्फा-कीटोग्लुटारेट लिहावे, ॲलानिनवरचा अमिनो गट खोडून तो त्याच्यावर काढावा: ॲलानिनचे पायरुव्हेट झाले आणि अल्फा-कीटोग्लुटारेटचे ग्लुटामेट. या अदलाबदलीला ब-६ जीवनसत्त्वापासून बनणारा सहघटक लागतो, आणि ती घडवणारे विकर (एन्झाईम) म्हणजे रक्ततपासणीच्या अहवालातले एसजीपीटी. यकृताच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपते, म्हणून यकृताला सूज आलेल्या रुग्णाच्या अहवालात हा आकडा चढलेला दिसतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: या पायरीत अमोनिया सुटत नाही, नायट्रोजन केवळ हात बदलतो. उत्तरपत्रिकांमध्ये सर्वांत जास्त चूक मला इथेच आढळते.

अशा अदलाबदलीतून बहुतेक अमिनो आम्लांचा नायट्रोजन ग्लुटामेटवर गोळा होतो. यकृतपेशींच्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियामध्ये) ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज हे विकर तो अमोनियाच्या रूपात मोकळा करते. लगेच दोन एटीपी (पेशीतले ऊर्जावाहक रेणू) खर्चून, बायकार्बोनेटशी सांगड घालून, त्याचे कार्बामॉईल फॉस्फेट बनते. ते ऑर्निथिनला जोडले जाऊन सिट्रुलिन तयार होते आणि सिट्रुलिन तंतुकणिकेबाहेर पेशीद्रवात येते. तिथे ॲस्पार्टेट दुसरा नायट्रोजन आणून देते, पुढे आर्जिनिन बनते, आणि आर्जिनिन तुटून युरिया बाहेर पडतो व ऑर्निथिन पुन्हा कामाला लागते. हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाईट यांनी हे युरिया चक्र १९३२ मध्ये मांडले. क्रेब्ज यांच्याच नावाने ओळखले जाणारे दुसरे चक्र, म्हणजे सिट्रिक आम्ल चक्र, त्यानंतरचे, १९३७ चे आहे.

युरियाच्या रेणूतले दोन्ही नायट्रोजन लाल शाईने काढून, कोणता कुठून आला ते प्रत्येकाशेजारी लिहावे. ६० ग्रॅम युरियात २८ ग्रॅम नायट्रोजन असतो. एकाच रक्ताच्या नमुन्यात ‘ब्लड युरिया’चा आकडा ‘बीयूएन’च्या (युरियातल्या फक्त नायट्रोजनच्या मापाच्या) सुमारे २.१४ पट का येतो, याचे उत्तर याच भागाकारात आहे.

आता निळे पेन उचलावे. वीसही सांगाडे शेवटी मोजक्याच ठिकाणी पोचतात: पायरुव्हेट, असेटिल-को-एन्झाईम-ए, असिटोअसेटिल-को-एन्झाईम-ए, आणि क्रेब्ज चक्रातील अल्फा-कीटोग्लुटारेट, सक्सिनिल-को-एन्झाईम-ए, फ्युमारेट व ऑक्झॅलोॲसिटेट. ल्युसिन व लायसिन या दोनच आम्लांपासून ग्लुकोज बनू शकत नाही, कारण त्यांचे सांगाडे अखेर फक्त असेटिल-को-एन्झाईम-ए होतात, आणि त्याचे जितके कार्बन चक्रात शिरतात तितकेच कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांची पहिली अदलाबदल यकृताऐवजी मुख्यतः स्नायूंमध्ये होते, हेही त्या रेघेवरच नोंदवावे.

शेवटी फिनाइलअलानिनची रेघ सावकाश काढावी: फिनाइलअलानिन, टायरोसिन, होमोजेन्टिसिक आम्ल आणि शेवटी फ्युमारेट व असिटोॲसिटेट. एकेका विकरावर फुली मारून मागे काय साचेल ते स्वतःच सांगावे. पहिल्या पायरीवर फुली मारली तर फिनाइलअलानिन साचते. हा फिनाइलकीटोन्युरिया, ज्यात जन्मानंतर लवकर आहार बदलला नाही तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. होमोजेन्टिसिक आम्लाच्या पुढच्या विकरावर फुली मारली तर ते आम्ल लघवीतून बाहेर पडते आणि हवेत राहिलेली लघवी हळूहळू काळी पडते. हा अल्काप्टोन्युरिया.