राष्ट्रगीत सुरू होण्याआधी: अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूने निषेध कसा नोंदवावा

अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या ॲथलेटिक्स विभागात मी खेळाडूंची ॲकॅडमिक ॲडव्हायझर आहे. क्रेडिट्स, ट्यूटर, सामन्यामुळे बुडलेली परीक्षा, हे माझं काम. पण बाहेर राजकारण तापलं की एखादा खेळाडू दार लोटून घेतो आणि विचारतो, "मी राष्ट्रगीताला गुडघ्यावर बसलो तर स्कॉलरशिप जाईल का?" याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. त्यांना मी जे टप्प्याटप्प्याने सांगते तेच इथे लिहिते आहे. मी वकील नाही. वकिलाकडे केव्हा जायचं, तेही पुढे येईल.

कॉलेज कुणाचं आहे?

सगळ्यात आधी हेच तपासा. अमेरिकेच्या राज्यघटनेतली, अभिव्यक्तीचा हक्क जपणारी पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी संस्थेचे नाही. स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सरकार. तिथला कोच, ॲथलेटिक डायरेक्टर, प्रेसिडेंट हे सगळे त्या दुरुस्तीने बांधलेले. खासगी कॉलेजात मात्र तुमचा आधार म्हणजे कॉलेजने स्वतः दिलेलं वचन, म्हणजे स्टुडंट हँडबुकमधलं अभिव्यक्तीचं कलम. ते शोधा, वाचा आणि त्या पानाची प्रत जवळ ठेवा. कॅलिफोर्नियात लिओनार्ड कायदा आहे. तिथल्या धार्मिक नसलेल्या खासगी कॉलेजांनाही विद्यार्थ्यांच्या बोलण्यावर सरकारी कॉलेजापेक्षा जास्त बंधनं घालता येत नाहीत.

कॉलेज खेळांचं नियमन करणारी एनसीएए ही संघटना इतकी बलाढ्य असली तरी ती सरकार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये टार्केनियन खटल्यात दिला. तेव्हा तिच्याविरुद्ध पहिल्या दुरुस्तीचा उपयोग नाही. राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसून वर्णद्वेषाचा निषेध करणाऱ्या कॉलिन कॅपर्निकचं उदाहरणही इथे लागू होत नाही, कारण तो खेळत होता त्या एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगमधले संघ खासगी मालकीचे असतात. खेळाडू त्याचं नाव घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

कुठे आणि कधी?

स्टेट युनिव्हर्सिटीत असाल तरी सगळ्या जागा सारख्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत मोर्चात चालणं, स्वतःच्या अकाउंटवर लिहिणं, विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात लेख देणं, इथे तुमची बाजू सर्वांत भक्कम. संघाच्या गणवेशात, सामन्याच्या वेळी, कॅमेऱ्यासमोर काही करायचं म्हटलं की कायदा धूसर होतो. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

वायोमिंगचं प्रकरण प्रत्येक खेळाडूला माहीत असायला हवं. ऑक्टोबर १९६९. वायोमिंग विद्यापीठाचा फुटबॉल संघ अपराजित होता. दुसऱ्या दिवशी बीवाययूशी सामना. ते मॉर्मन चर्चचं विद्यापीठ, आणि त्या काळी ते चर्च कृष्णवर्णीयांना पुरोहितपद देत नसे. संघातले १४ कृष्णवर्णीय खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून कोच लॉइड ईटन यांच्याकडे गेले. सामन्यात फिती बांधू का, एवढंच विचारायचं होतं. कोचने चौदाही जणांना तिथल्या तिथे संघातून काढलं. संघ बीवाययूविरुद्ध जिंकला खरा, पण हंगामातले शेवटचे चारही सामने हरला. खेळाडू कोर्टात गेले आणि १९७२ मध्ये अपील कोर्टात हरले. सरकारी विद्यापीठाच्या गणवेशात एका धर्माविरुद्ध निदर्शन झालं तर सरकारचा धर्माबाबतचा तटस्थपणा मोडतो, असं कोर्टाने धरलं. विद्यापीठाने औपचारिक माफी मागितली ती २०१९ मध्ये, म्हणजे ५० वर्षांनी.

आणि याच १९६९ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने टिंकर खटल्यात शाळकरी मुलांचा काळी फीत बांधण्याचा हक्क मान्य केला होता! वर्गातल्या फितीला संरक्षण मिळालं, मैदानावरच्या फितीला नाही. मला हे आजही पटत नाही. पण आखणी करताना आपल्याला काय पटतं यापेक्षा कोर्ट काय करू शकतं, ते धरून चाला.

उलट दिशेचाही दाखला आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये केनेसॉ स्टेटच्या पाच चिअरलीडर्स राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसल्या. विद्यापीठाने मग वेळापत्रकच असं बदललं की राष्ट्रगीत चालू असताना चिअरलीडर्स मैदानावर नसतील. त्यांच्यातल्या एकीने दावा केला आणि तो १,४५,००० डॉलर्सवर मिटला. शांतपणे गुडघ्यावर बसण्याने सामना अडत नाही, कुणाला धक्का लागत नाही. म्हणून मैदानावर काही करायचंच असेल तर मी हाच प्रकार सुचवते: मूक, थोडा वेळ, सामना सुरू होण्याआधी.

हातवारे टाळा. यूकॉनच्या, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाच्या, एका महिला सॉकरपटूने २०१४ मध्ये विजयाच्या जल्लोषात टीव्ही कॅमेऱ्याला मधलं बोट दाखवलं आणि तिची स्कॉलरशिप गेली. २०२२ मध्ये अपील कोर्टाने लिंगभेदाचा तिचा दावा पुढे जाऊ दिला, पण अभिव्यक्तीचा मुद्दा टिकला नाही. या बाबतीत कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता, म्हणून अधिकाऱ्यांना संरक्षण मिळालं. ते राजकीय बोलणं नव्हतंच, पण मैदानावरच्या कृतीला कोर्ट किती थोडं अभय देतं, हे त्यातून कळतं.

मागणी आणि बहिष्कार यातला फरक

ओरेगनमधल्या एका हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाने कोचने राजीनामा द्यावा म्हणून लेखी अर्ज दिला आणि मग सामन्याला जायच्या बसमध्ये चढायलाच नकार दिला. २००६ मध्ये अपील कोर्टाने दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या: अर्जाला संरक्षण, बसला नकार देण्याला नाही. निकाल शाळेचा आहे, पण तुमच्यासाठी सूत्र तेच. सह्यांचं पत्र हे पहिलं पाऊल ठेवा. न खेळण्याचा निर्णय सर्वांत शेवटचा, आणि तोही एकट्याने कधीच नाही. एकटा खेळाडू प्रॅक्टिसला आला नाही तर 'याने स्वतःहून संघ सोडला' असं कागदावर लिहिणं सोपं असतं, आणि स्वतःहून संघ सोडणं हे स्कॉलरशिप काढण्याचं मान्य कारण आहे.

मिझुरीत नोव्हेंबर २०१५ मध्ये जमलं, कारण तिथे संख्या होती. कॅम्पसवरच्या वर्णद्वेषाच्या घटनांनंतर एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता. विद्यापीठ व्यवस्थेचे अध्यक्ष जाईपर्यंत खेळणार नाही, असं कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंनी जाहीर केलं. कोच गॅरी पिंकेल यांनी पाठिंबा दिला. पुढचा सामना रद्द झाला असता तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर्स भरावे लागले असते. दोन दिवसांत अध्यक्षांनी राजीनामा दिला. लगेच डिसेंबरमध्ये, संप करणाऱ्या खेळाडूची स्कॉलरशिप काढण्याचं विधेयक तिथल्या एका आमदाराने आणलं. ते नंतर मागे घेतलं गेलं. मोठा विजय मिळाला की असं काहीतरी मागोमाग येतं, त्याची तयारी ठेवा.

कोचला काय लिहायचं

खासगीत बोला, पण त्याच रात्री ईमेल करा. स्टेट युनिव्हर्सिटीत परवानगी मागू नका, कळवा. परवानगी मागितली की नकाराची वाट उघडते. सामन्याच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी. माझ्या खेळाडूंना मी असा मसुदा देते:

"कोच, आज आपण बोललो त्याप्रमाणे: शनिवारी राष्ट्रगीताच्या वेळी मी आणि आणखी चार जण गुडघ्यावर बसणार आहोत. कारण सोबत जोडलं आहे. हे आमचं वैयक्तिक मत आहे, संघाचं नाही. वॉर्म-अप, सामना, मुलाखती, सगळं नेहमीप्रमाणे करू. संघाचा कोणता लेखी नियम याच्या आड येत असेल तर कृपया तो पाठवा."

शेवटचं वाक्य गाळू नका. लेखी नियम नसेल तर तसं निघेल, आणि असेल तर तो हातात येईल. "मीडियाशी परवानगीशिवाय बोलायचं नाही" असे नियम अनेक हँडबुकात असतात आणि खेळाडू ते अटळ समजतात. पण नॉर्थवेस्टर्नसारख्या खासगी विद्यापीठालाही राष्ट्रीय कामगार मंडळाकडे तक्रार गेल्यावर फुटबॉल हँडबुकातले असले नियम सैल करावे लागले. मंडळाच्या २०१६ च्या मेमोमध्ये त्याची नोंद आहे.

जोडलेलं कारण दोन वाक्यांचं असू द्या. पत्रकार पुढे आला की तीच दोन वाक्यं बोला आणि थांबा. उमेदवाराचा प्रचार करायचा असेल तर जर्सी, लोगो, टीमचं अकाउंट यांना हात लावू नका. कॉलेजांना निवडणूक प्रचारापासून दूर राहावं लागतं, आणि ते कारण दाखवून तुम्हाला अडवणं त्यांना सोपं जातं.

जो बसत नाही त्याचं काय

याबद्दल मी जरा आग्रही आहे. २०२० मध्ये व्हर्जिनिया टेकच्या महिला सॉकर संघात ऐक्याचं निवेदन वाचताना खेळाडू गुडघ्यावर बसल्या आणि एक उभी राहिली. कोचने आपल्याला झापलं आणि खेळण्याचा वेळ कमी केला, असा दावा तिने केला. न्यायाधीशांनी तो ज्युरीसमोर जाऊ दिला, आणि २०२३ च्या सुरुवातीला कोचच्या बाजूने चूक मान्य न करता एक लाख डॉलर्सवर तडजोड झाली. सरकार तुमच्या तोंडून मत वदवून घेऊ शकत नाही, हे तत्त्व १९४३ च्या बार्नेट खटल्यातलं. तेव्हा प्रश्न झेंड्याला सलामी न देणाऱ्या मुलांचा होता. गुडघ्यावर बसणारा आणि उभा राहणारा, दोघांनाही तोच निकाल वाचवतो. म्हणून लॉकर रूममध्ये हात वर करून मतदान घेऊ नका. प्रत्येकाला एकटं गाठून विचारा, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचं नाव कुणाला सांगू नका. ग्रुप चॅटमध्ये टोमणे सुरू झाले तर ते तुम्हीच थांबवायचे, कारण पुढाकार तुमचा आहे.

पैसे आणि व्हिसा

एनसीएएच्या नियमांप्रमाणे चालू स्कॉलरशिप मध्येच कमी किंवा रद्द करायची तर तुम्हाला सुनावणीची संधी द्यावी लागते, आणि ती सुनावणी ॲथलेटिक्स विभागाबाहेरच्या लोकांनी घ्यायची असते. पत्र आलं की तारीख बघा. अपिलाची मुदत छोटी असते. एनआयएलचे, म्हणजे स्वतःचं नाव आणि प्रतिमा वापरू देऊन पैसे मिळवण्याचे करार, आणि २०२५ मध्ये हाउस खटल्यात झालेल्या तडजोडीनंतर कॉलेजशी थेट होणारे उत्पन्नवाटपाचे करार, वेगळे आहेत. त्यांत 'संस्थेची प्रतिमा मलिन करणारं वर्तन' अशा अर्थाचं कलम शोधा. सही करण्याआधी ते कलम वकिलाला दाखवा. राजकीय मत त्यातून वगळायला सांगता येतं.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी खेळाडूंशी मी वेगळं बोलते. अमेरिकेत कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीलाही अभिव्यक्तीचा हक्क आहे, असा निकाल बॉस्टनच्या फेडरल न्यायाधीशांनी सप्टेंबर २०२५ मध्ये दिला. पण त्याच वर्षी मार्चमध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीला वृत्तपत्रातल्या लेखानंतर ताब्यात घेतलं गेलं होतं, आणि जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया अकाउंट खुलं ठेवायला सांगितलं जातं. व्हिसाच्या अर्जात अटकेबद्दल थेट प्रश्न असतो. तेव्हा तुमच्यासाठी क्रम उलटा: आधी इमिग्रेशन वकील, मग टीममेट, मग कोच. सह्यांचं पत्र चालेल. रस्ता अडवण्याच्या आंदोलनात जाऊ नका. हा सल्ला देताना मला वाईट वाटतं, तरी मी तो देते.

नंतरचे दिवस

धमक्या येतात. पहिले दोन दिवस फोनचा पासवर्ड एखाद्या विश्वासू मित्राला द्या. त्याने स्क्रीनशॉट काढावेत, तुम्ही ते वाचू नयेत. घराचा पत्ता किंवा शरीराला इजा असा उल्लेख असेल तर थेट कॅम्पस पोलिस. खेळण्याचा वेळ कमी झाला तर तारीख, मिनिटं आणि कोचचे शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा, आधीच्या सामन्यांची मिनिटंही शेजारी. ही वही घेऊन एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या तुमच्या राज्यातल्या कार्यालयात किंवा फायर या अभिव्यक्ती हक्काच्या संस्थेकडे जा. अशा वहीत पॅटर्न दिसला तर त्यांना काम करता येतं. आणि सोमवारच्या प्रॅक्टिसला पाच मिनिटं आधी पोहोचा, वजनं उचला, व्हिडिओ सेशनला बसा. उशीर, गैरहजेरी, उद्धट उत्तर यातलं काहीही तुमच्या फाइलमध्ये नसेल, तर बेंचवर बसवण्याचं कारण विद्यापीठाला दुसरीकडे शोधावं लागेल.