ठाण्याच्या उकाड्यात दुर्मीळ वाइन कशी चाखावी

चार-सहा मित्रांनी वर्गणी काढून घेतलेली फ्रान्सच्या बोर्दो किंवा इटलीच्या बारोलो या रेड वाइनची जुनी बाटली घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या घरी उघडली जाते, तेव्हा तिची चव बिघडण्याचे मुख्य कारण बहुधा आपली हवाच असते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा प्रघात युरोपातील थंड घरांत पडला. तिथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश सेल्सिअस, तर आपल्याकडे मे महिन्यात पंखा लावूनही ३० अंशांच्या खाली पारा उतरत नाही. इतक्या उष्ण वाइनमधून अल्कोहोलचा उग्र दर्प आधी वर येतो आणि ज्या नाजूक गंधांसाठी एवढे पैसे मोजले ते त्याखाली दडपले जातात.

म्हणून पहिली काळजी विकत घेतानाच घ्यावी. आयात वाइन न्हावाशेवा बंदरात उतरल्यापासून दुकानात पोहोचेपर्यंत कुठे उन्हात राहिली असेल, हे लेबलावर लिहिलेले नसते, पण बाटली काही खुणा दाखवते. बूच किंचित वर सरकलेले असणे, तोंडावरच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ दिसणे, किंवा वयाच्या मानाने वाइनची पातळी फारच खाली गेलेली असणे, यांपैकी काहीही आढळले तर कितीही नामांकित बाटली असली तरी परत ठेवावी. घरी आणल्यावर ती आडवी, अंधारात आणि १२ ते १४ अंशांवर ठेवावी. साध्या फ्रिजमध्ये काही आठवडे चालते. वर्षानुवर्षे ठेवायची असेल तर मात्र वाइनसाठी बनवलेला फ्रिज हवाच, कारण साध्या फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच आक्रसते.

जुन्या रेड वाइनमध्ये गाळ असतो. तो तळाशी बसावा म्हणून बाटली एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवावी आणि त्यानंतर हलवू नये. जुने बूच ठिसूळ झालेले असते, त्यामुळे साध्या स्क्रूऐवजी दोन पातळ पात्यांचे उपकरण बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून ते हळूहळू फिरवत काढणे अधिक सुरक्षित. मग बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा दिवा धरून, एकाच संथ धारेत वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या रुंद सुरईत, ओतावी आणि गाळाची पहिली रेघ मानेपाशी दिसताच थांबावे. तरुण, तुरट बारोलोला दोन-तीन तासांची हवा मानवते. तीस-चाळीस वर्षांच्या वाइनचे गंध मात्र तेवढ्या वेळात उडून जाऊ शकतात, म्हणून ती गाळताच ग्लासात घ्यावी.

रेड वाइन १५ अंशांच्या आसपास ओतावी, कारण आपल्या हवेत ती ग्लासात पाहता पाहता तापते. व्हाइटला १० ते १२ अंश पुरेत. बर्फासारखी गार केली तर फ्रान्सच्या बर्गंडीची उत्तम व्हाइटही मुकी होते. साधा स्वयंपाकघरातला थर्मामीटर येथे महागड्या ग्लासापेक्षा उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. त्या संध्याकाळी घरात फोडणी, उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा आणि अत्तर यांना रजा द्यावी.

वरच्या बाजूला निमुळत्या होत जाणाऱ्या ग्लासात एक तृतीयांशाहून कमी वाइन घ्यावी. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेचा रंग दिसतो: रेड वाइन वयाबरोबर जांभळ्याकडून विटकरी रंगाकडे जाते, व्हाइट सोनेरी होत गडद होते. खरा वेळ नाकाला द्यावा. प्रथम ग्लास न हलवता हुंगावे, नंतर गोल फिरवून पुन्हा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर दोष बुचाचा आहे, आणि हवा दिल्याने तो जात नाही. तसे नसेल तर जे आठवेल ते लिहून काढावे, आणि परदेशी समीक्षकांची फळे पाठ करण्याऐवजी जांभूळ, करवंद, सुके अंजीर, तंबाखू, पावसाने भिजलेली माती अशा आपल्या ओळखीच्या गंधांवर विसंबावे. घोट तोंडभर फिरवून आंबटपणा, तुरटपणा आणि गिळल्यानंतर चव किती सेकंद टिकते, हे पाहावे. श्रेष्ठ वाइनची ओळख या शेवटच्या गोष्टीत अधिक पटते. अनेक बाटल्या असतील तर पीकदाणी ठेवण्यात संकोच नसावा.

शक्य असेल तेव्हा बाटल्या कागदात गुंडाळाव्यात. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता गुण दिले, तेव्हा रेड आणि व्हाइट दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. नाशिकची एखादी चांगली रेड गुपचूप मध्ये ठेवून पाहावी. निदान चर्चा तरी प्रामाणिक होते.

क्रम हलक्याकडून भारीकडे, कोरडीकडून (म्हणजे गोडवा नसलेलीकडून) गोडकडे ठेवावा, आणि सोतेर्नसारखी गोड वाइन शेवटी घ्यावी. सोबत साधा पाव आणि पाणी पुरे. तिखट फरसाण नंतर. ७५० मिलिलीटरच्या बाटलीत आठ जणांना प्रत्येकी ८० मिलिलीटर मिळून थोडा गाळ उरतो. जुनी रेड उरलीच तर त्याच रात्री संपवावी; सोतेर्न मात्र बूच लावून फ्रिजमध्ये काही दिवस टिकते.